दोरी दिसणारे चित्रपट

पडद्यावर राक्षस गर्जत होता आणि उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या आईने पदर तोंडाशी धरला होता. त्याच वेळी माझ्या पाठीमागच्या बाजेवरून आवाज आला, "हँ!"

मी वळून पाहिले. दोन-तीन महिने मुके असलेले माझे वडील उशीवरून मान उचलून टीव्हीकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. मी चित्रपट थोडा मागे नेला. गर्जताना राक्षसाचे डावे शिंग कपाळावरून घसरून कानापाशी आले होते. मला ते दिसले नव्हते, आईला तर नव्हतेच. वडिलांना दिसले होते.

"हँ" हा काही शब्द नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही त्या दुपारी मी उठून परसात गेलो आणि पुष्कळ वेळ तिथेच उभा राहिलो. घरात परत गेलो तर तो आवाज आलाच नव्हता असे कळेल, अशी मला भीती वाटत होती.

निरवांगीला आमचे घर रस्त्यापासून आत, शेतातच आहे. वडिलांच्या तरुणपणी आमच्याकडे मेंढरे होती. दसरा झाला की कळप घेऊन ते कोकणाच्या दिशेने निघत आणि उन्हाळा सरताना परतत. पुढे मेंढरे गेली आणि ऊस आला. मी शिकलो, जरुरीपेक्षा जास्तच शिकलो, आणि त्यामुळे प्रत्येक गोष्टीला उशीर करत गेलो. नोकरी उशिरा लागली, लग्न राहून गेले, लिहायला तर आता केस पांढरे झाल्यावर बसलो आहे. त्या काळी, म्हणजे शतक संपत आले होते तेव्हा, मी बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवीत असे. वर्ग सकाळचे असत. दुपारी एसटीने घरी येत असे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी वडील उसाच्या बांधावर पडले. उजवी बाजू गेली. हात-पाय पुढे थोडेफार परत आले, वाचा आली नाही. बारामतीचे डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे होते. ते म्हणाले, "त्यांना ऐकू येतंय, कळतंयही. शब्द मात्र सापडत नाहीत. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. काहीही करा, पण त्यांना बोलायला लावा."

मी शिक्षक, मला एकच रीत ठाऊक. मी त्यांच्यासमोर पेला धरून "पेला" म्हणत असे, कंदील धरून "कंदील" म्हणत असे आणि उत्तराची वाट पाहत असे. ते एकदा माझ्याकडे पाहत, एकदा पेल्याकडे पाहत आणि भिंतीकडे तोंड फिरवीत. कळस गावी दिलेली माझी थोरली बहीण येऊन हे पाहून गेली आणि पुढच्या खेपेला तिच्या घरचा सीडी-प्लेअर घेऊन आली. "आण्णाला शाळा नगं लावूस," ती म्हणाली. "जरा करमनूक हुंदे त्येंची." प्लेअरबरोबर तिच्या घरच्या दोन-तीन सीड्या आल्या. शिंगवाला राक्षस त्यांतलाच.

"हँ"चा अर्थ लावायला मला फार कष्ट पडले नाहीत. माझे वडील मुळातच मितभाषी, आणि त्यांचे जे काही बोलणे होते ते चुकीवरचे होते. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचे जाळे, नीट बांधली असेल तर ते तिच्याकडे न पाहता पुढे जात. एक गाठ सैल असेल तर थांबत आणि म्हणत, "ही कुनी बांधली?" कधी भाकरी चांगली झाली म्हणून त्यांनी आईला सांगितल्याचे मला आठवत नाही. करपली की मात्र ते तिला नावाने हाक मारीत. लहानपणी या स्वभावाचा मला फार त्रास झाला. आता तोच एक धागा हाती लागला होता. वडिलांना बोलते करायचे तर त्यांच्यापुढे चुकलेले काहीतरी ठेवायला हवे होते.

बारामतीत बसस्थानकाजवळ सीड्या भाड्याने देणारे एक दुकान होते. शिंगाच्या दुसऱ्याच दिवशी मी तिथे गेलो. मालक माझ्याच वयाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस होता.

"या सर. हे बगा, नवीन आलंय. प्रिंट एकदम काचेवानी."

"यात भूत कसं आहे?"

"लई डेंजर. बायका उठून गेल्या मधीच."

"तसं नको," मी म्हणालो. "म्हणजे भूत हवं. पण बनवताना कुठं... कुठं जरा चुकलेलं असेल तर बरं."

मालक माझ्याकडे पाहत राहिला. "चुकलेलं? सर, चुकलेलं दिलं म्हणून गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. मागून नेनारं तुमीच पहिलं."

बाकावर बसलेला एक रिक्षावाला म्हणाला, "मास्तर हायत ते. घरी नेऊन लाल पेनानं मार्क देत असत्याल."

दुकानात हशा झाला. मीही हसलो, आणि त्या हसण्याच्या आडोशाने मालकाला खरे कारण सांगून टाकले. तो लगेच गंभीर झाला. "आसं हाय व्हय," म्हणाला आणि मागच्या फळीवरून, जिथे न खपणारा माल पडलेला असे, धूळ पुसत एकेक सीडी काढू लागला. मी त्या आधी पाहत नसे, तेवढा वेळच नसे. एसटीत मांडीवर घेऊन येत असे आणि दुपारी वीज असेल तर लावत असे. आई उंबऱ्यात बसे. अनोळखी माणूस दारातून आत आला तरी "अगं बया" म्हणणारी माझी आई, भुते पाहताना पदराच्या आत जाई. पण उठून जात नसे.

त्या काही आठवड्यांत मी जितक्या आस्थेने ते चित्रपट पाहिले तितक्या आस्थेने मी अभिजात म्हणून गौरवलेले ग्रंथही वाचले नसतील. चित्रपटांची पारख करण्याचा माझा अधिकार नाही. पण मला मोजायला एकच माप होते आणि ते माप बाजेवर पडून होते, म्हणून काही निष्कर्ष नम्रपणे नोंदवतो.

निर्दोष चित्रपट निरुपयोगी ठरले. एका परदेशी भयपटात पिशाच्च इतके हुबेहूब होते की मला घाम फुटला. वडिलांनी ते कसलेल्या बैलाकडे पाहावे तसे पाहिले आणि डोळे मिटले. विनोदी चित्रपटही निरुपयोगी. तिथली चूक मुद्दाम केलेली असे, आणि मुद्दाम केलेल्या चुकीवर वडील कधीच बोलत नसत. सर्वस्वी फसलेले चित्रपट तर त्याहून वाईट. एकात गुहा पुठ्ठ्याची, आग कागदाची आणि राजाची दाढी प्रत्येक प्रसंगात निराळी होती. वडिलांनी सुरुवातीलाच मान वळवली. ज्याचे सगळेच चुकले आहे त्याला काय सांगायचे, असे त्यांना वाटले असावे.

उपयोगी पडत ते मधले. ज्यांत माणसांनी मनापासून मेहनत केली आहे, धूर सोडला आहे, वाऱ्याने पडदे उडवले आहेत, नायिका खरीखुरी किंचाळली आहे, आणि एका जागी, एकाच जागी, लक्ष चुकले आहे. स्मशानातल्या सांगाड्याच्या मनगटावर घड्याळ राहिले आहे. चेटकिणीचे एक नख गळून पडले आहे आणि ती त्याच बोटाने शाप देते आहे. हजार वर्षांपूर्वीच्या किल्ल्यामागून विजेचा खांब डोकावतो आहे. अशा जागी वडिलांच्या घशातून काहीतरी येई. "हँ" नंतर "आं" आले. नखाच्या वेळी त्यांनी डावा हात उचलून बोट हलवले. मला त्या अनाम, अपयशी दिग्दर्शकांविषयी अपार कृतज्ञता वाटू लागली. त्यांनी सांगाड्याचे घड्याळ काढायला सांगितले असते तर मी कुठे गेलो असतो?

बारामतीची मागची फळी संपली तेव्हा मी रविवारी इंदापूरला जाऊ लागलो. तिथल्या दुकानात दक्षिणेकडून हिंदीत आणलेले पौराणिक-काल्पनिक चित्रपट होते, सीड्या वापरून वापरून ओरखडलेल्या. मधेच चित्र अडकून पडदाभर रंगीत चौकटी पसरत. मी सीडी काढून सदऱ्याच्या टोकाने पुसून तेवढ्या वेळात वडिलांचा राग निवून जाईल या काळजीने घाईघाईने परत लावत असे.

दोरी दिसली ती अशाच एका इंदापूरच्या सीडीत. एक चेटकीण किल्ल्यावरून उडत होती. आई म्हणाली, "बया बया, कशी उडतीया बगा!" आणि बाजेवरून, घोगऱ्या, तुटक पण स्वच्छ आवाजात वडील म्हणाले, "दो... दो... दोरी."

चेटकिणीच्या कमरेपासून आभाळात जाणारी दोरी उन्हात चमकत होती.

आईच्या हातातले सूप खाली पडले. मी वडिलांकडे धावलो, आणि तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला. पण वडील थांबले नाहीत. शब्द सापडला होता, तो पुन्हा हरवू नये म्हणून की काय, ते त्या काळ्या पडद्याकडे डावा हात रोखून, सगळे अंग थरथरत, ओरडत राहिले, "दोरी! दोरी! दोरी!"

आमच्या शेजारच्या शेतातले तात्या त्याच वेळी दारात आले. तात्या म्हणजे वडिलांचे कळपामागच्या दिवसांपासूनचे सोबती. पायाला भोवरा, आवाज डोंगरापलीकडे जाणारा. त्यांनी पाहिले ते एवढेच: मुका झालेला मित्र, अंधारा सोपा, थरथरते अंग, शून्यावर रोखलेली नजर आणि अचानक फुटलेली वाचा.

"आलं रं! देवा, आलं!" तात्या ओरडले. "वैनी, भंडारा आना!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आजोबांच्या अंगात बिरोबा येत असे. जत्रेच्या दिवशी ते भाकणूक सांगत, म्हणजे येणारे वर्ष कसे जाईल ते देवाच्या तोंडून सांगत, आणि आसपासची माणसे ती ऐकायला जमत. आजोबांच्या मागे ते कोणाकडे आले नाही. असे वारे एखाद्या घरात असले की ते कधीतरी परतते, असे आमची माणसे धरून चालतात. इतकी वर्षे ती थांबली होती.

"तात्या," मी म्हणालो, "ती चित्रपटातली दोरी आहे. ती बाई उडत होती ना, तिची..."

"कुठला पिच्चर?" तात्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिले. "लाईट न्हाय, टीवी बंद, आन तू म्हनतुयास पिच्चर!"

त्यांनी वडिलांच्या कपाळाला भंडारा लावला. वडील दमले होते. त्यांनी डोळे मिटले, आणि तात्यांच्या दृष्टीने देव परत गेला.

रविवारी सोप्यापुढच्या अंगणात माणसे आली. कोणाच्या बोअरला पाणी लागत नव्हते, कोणाच्या मुलीचे जमत नव्हते, कोणाची म्हैस आटली होती. वडील त्यांच्याकडे पाहत गप्प राहिले. तात्यांनी विचार केला आणि ठरवले की देव ज्या जागी आला ती जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे. बाज हलवायची नाही, टीव्ही हलवायचा नाही, आणि त्या पेटीतली चकती काढायची नाही. सीडी-प्लेअरवर भंडारा पडला. झेंडूचे फूल आले. पुढच्या रविवारी उदबत्ती लागली. चेटकिणीची ती सीडी सगळ्यांसमोर पुन्हा लावली गेली. चेटकीण उडाली, दोरी चमकली, माणसे हात जोडून वडिलांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

वडील बोलले नाहीत. एकदा दाखवलेली चूक पुन्हा दाखवण्याची त्यांना सवय नव्हती.

"चकती बदलू का?" मी आईला हळूच विचारले.

"हात नगं लावूस तिला," आई म्हणाली.

"आई, नवीन लावली तर ते बोलतील. जुनीवर नाही बोलणार."

"तुज्या डाक्टरनं काय दिलं? वरीस दिलं. वरसानंतर काय न्हाय म्हनला. देवानं त्येंच्या तोंडात सबूद घातला, ह्या कानांनी ऐकलाय मी." तिने वडिलांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. "येईल परत. वाट बगायला पायजे."

वडील पडल्यापासून आई इतके बोललीच नव्हती. मी सीडीला हात लावला नाही. इंदापूरच्या दुकानदाराला जाऊन सांगितले की सीडी इतक्यात परत येणार नाही. तो म्हणाला, "राहू द्या हो. ती कुनी मागत न्हाय."

दिवाळी गेली. ऊसतोडीच्या बैलगाड्या रस्त्याने जाऊ लागल्या. दर रविवारी तीच चेटकीण उडत होती आणि आठवडाभर तिला कोणी हात लावत नव्हते. "आं" गेले. मग "हँ" गेले. बोट हलवणेही थांबले. मी पेला धरत असे तेव्हा वडील जसे भिंतीकडे वळत तसे ते आता माणसे आली की वळत. मला रात्री झोप लागत नसे आणि सकाळी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबत असे. डॉक्टरांनी दिलेले वर्ष अर्ध्याच्या पुढे सरकले होते. एसटीत बसल्या बसल्या मी ओठ न हलवता वाक्ये जुळवीत असे: तात्या, जरा ऐकून घ्या, आई, तुला दुखवायचे नाही, पण. वाक्ये चांगली होत. घराच्या वाटेला लागलो की त्यांतले एकही तोंडाशी येत नसे.

शेवटी एका रविवारी मी काही न बोलताच उठलो. अंगण भरलेले होते, तात्या उदबत्ती ओवाळत होते. मी प्लेअरचे बटण दाबले, चेटकिणीची सीडी बाहेर काढली आणि खिशातली दुसरी घातली.

"आरं, आरं! काय करतुयास?" तात्यांचा हात हवेतच राहिला.

पडद्यावर एका जंगलात महाकाय साप निघाला होता. माणसे कुजबुजत होती. आई माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की मी पुन्हा तिच्याकडे पाहिले नाही. साप नायकाच्या अंगावर चालून गेला, बायकांनी श्वास रोखला, आणि बाजेवरून आवाज आला.

"पाय!"

वडील कोपरावर उठू पाहत होते. "पा... पाय! पाय!"

"देवाचं पाय!" कोणीतरी ओरडले. "पाया पडा रं!" आणि अंगणातली झाडून सगळी माणसे जमिनीवर डोके टेकून मोकळी झाली.

मी चित्र थांबवले. टीव्हीजवळ गेलो आणि काचेवर बोट ठेवले. माझा आवाज मला परका वाटत होता. "इथं बघा," मी म्हणालो. "सापाच्या पोटाखाली. आतल्या माणसांचे पाय दिसताहेत. आण्णा तेच सांगताहेत. तेव्हा त्यांना दोरी दिसली होती, आता पाय दिसले. चूक दिसली की आण्णा बोलतात. आयुष्यभर तेवढंच बोलत आलेत."

मग पुढे बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, पडद्याला नाक लावून पाहू लागली आणि म्हणाली, "अगं बया, सापाला चपला हायत्या की!"

जे हसू फुटले ते आवरता आवरेना. माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. ज्याची म्हैस आटली होती तो म्हणाला, "मास्तर, फुडं चालू करा, पळताना सुटत्यात का बगू." वडीलही हसत होते, उजवा गाल तसाच राहिला आणि डावा हसला. हसले नाहीत ते तात्या. त्यांनी उदबत्ती मातीत खोचली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते निघून गेले. आई आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओल्या फडक्याने प्लेअरवरचा भंडारा पुसून काढला. हळद लागलेले फडके पिळता पिळता ती एवढेच म्हणाली, "आता बगा तुमी दोगं."

मला वाटले होते की वाट मोकळी झाली. मी बारामतीहून आणि इंदापूरहून पुन्हा सीड्या आणू लागलो, आणि आता एकही दिवस वाया जाऊ नये म्हणून दुकानात उभा राहून आधी तपासून घेऊ लागलो. कुठे तार दिसते, कुठे मुखवट्याची कड दिसते, हे पाहूनच आणत असे. दुपारी आम्ही दोघे बसत असू. ती जागा आली की मी वडिलांकडे पाहत असे.

त्यांना चूक दिसे. डोळ्यांत कळे. ते माझ्याकडे पाहत, आणि भिंतीकडे वळत.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाही. मोजायची भीती वाटत होती. कारण कळायला मला फार उशीर लागला. राक्षसाच्या मुखवट्याच्या दोन्ही कडांच्या शिवणी उसवल्या होत्या, मी वडिलांच्या तोंडाकडे डोळे लावून बसलो होतो, आणि एकदम माझ्या ध्यानात आले की मी पुन्हा पेला धरून बसलो आहे. त्यांनी बोलावे तरी कोणासाठी? मला तर आधीच ठाऊक होते. ते शिंगासाठी बोलले होते तेव्हा, नखासाठी बोलले तेव्हा, दोरीसाठी बोलले तेव्हा उंबऱ्यात आई होती, पदराच्या आत, खरोखर घाबरलेली. ते तिला सांगत होते.

मी आत जाऊन आईला म्हणालो, "बाहेर येऊन बस ना. पूर्वीसारखी."

"कशापायी?"

"तू घाबरतेस म्हणून ते बोलतात."

आई पीठ मळत होती. तिने हात थांबवले. "आता कसलं भ्या?" ती म्हणाली. "सापाला चपला असत्यात. तूच दावलंस की." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती तरीही माझ्यासाठी येऊन बसली. भूत आले. तिने पदर तोंडाशी धरला, पण पदराच्या वर तिचे डोळे दोरी शोधत होते. वडिलांनी तिच्याकडे पाहिले आणि डोळे मिटले.

मग एकच माणूस उरला. मी तात्यांच्या शेतावर गेलो. ते बांधावर विडी ओढत बसले होते.

"तात्या, दुपारी येत चला की आमच्याकडं."

"काय कराय? पिच्चर बगाय?"

"हो."

"तुज्या मतं त्यात काय न्हाय. साऱ्या गावापुढं बोट लावून दावलंस. मला म्हाताऱ्याला येड्यात काढलंस."

"तात्या, वर्ष संपत आलंय," मी म्हणालो, आणि पुढचे वाक्य मला बोलता आले नाही.

तात्यांनी विडी विझवली. "यीन," ते म्हणाले. "पर एक सांगतो. देव आलाच न्हवता आसं माझ्यापुढं म्हनायचं न्हाय."

"नाही म्हणणार."

"आन ते राक्षस खोटं हायत आसंबी म्हनायचं न्हाय."

"तेही नाही."

तात्या आले. बाजेच्या पायथ्याशी बसले, तंबाखू मळली, आणि पडद्यावर पंख असलेला एक दैत्य आला तसे म्हणाले, "आण्णा, बग गड्या. ह्यो मातूर खरा हाय."

वडिलांनी मान वळवून तात्यांकडे पाहिले.

"बगतुयास काय? खरं हाय पंख त्येचं. आमच्या सासुरवाडीला आसलंच एक वडावर बसायचं."

"खो," वडील म्हणाले. कपाळाची शीर फुगली. "खो... खोटं!"

"काय खोटं? माझी सासुरवाडी खोटी?"

"खोटं! ये... येडा!"

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मला येडा म्हनतुय! वैनी, ऐकलं का? वाचा गेली, पर शिवी न्हाय गेली!"

आत आईच्या हातातली भांडी वाजायची थांबली.

उन्हाळाभर ते दोघे भांडले. तात्या दैत्यांची बाजू घेत आणि वडील ती पाडत. तात्या खरोखर विश्वास ठेवून बोलत की मुद्दाम, हे मला कधीच कळले नाही, आणि मी विचारले नाही. खोटं, येडा, दोरी, पाय, शिंग, न्हाय: एवढे शब्द जमले. माझ्यासाठी, पाण्यासाठी, दुखण्यासाठी एकही शब्द आला नाही. रात्री तहान लागली तर ते अजूनही बाजेच्या लाकडावर बोट वाजवत.

वर्ष झाल्यावर मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. तात्या बरोबर आले. डॉक्टरांनी पेन दाखवले, घड्याळ दाखवले, नाव विचारले. वडील त्यांच्याकडे शांतपणे पाहत राहिले.

"बोलतात ते," मी म्हणालो. "घरी बोलतात."

"काय बोलतात?"

मी सांगू लागलो. शिंग, नख, सापाचे पाय. डॉक्टर ऐकत होते, पण मधेच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तात्या पुढे सरसावले. "आण्णा, बग, ह्यो डाक्टर लई हुशार हाय. साऱ्या जिल्ह्यात आसा डाक्टर न्हाय!" वडिलांनी डॉक्टरांना न्याहाळले. त्यात त्यांना काही चुकलेले दिसले नसावे. ते गप्प राहिले.

"आता पुन्हा आणायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "बसमधला त्रास कशाला द्यायचा त्यांना? आहे ते सांभाळा."

परतताना आम्ही बसस्थानकाजवळच्या दुकानापुढे थांबलो. मालकाने माझा चेहरा पाहिला. त्याने मागच्या फळीवरच्या चार-पाच सीड्या समोर मांडल्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. कुठली घ्यावी ते मला कळेना. इतक्या महिन्यांची पारख कुठल्या कुठे गेली होती. सगळ्यांवर तीच आग, तेच सुळे, तीच किंचाळणारी बाई. मला वाटले, एकही घेऊ नये.

तात्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून एक उचलली. "ही घे. ह्यो राक्षस खरा दिसतुया."

एसटीत मी वडिलांना आमच्या दोघांच्या मध्ये बसवले. तात्यांनी सीडी त्यांच्या मांडीवर ठेवली. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा वडिलांनी डाव्या हाताने ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग त्यांची मान हळूहळू तात्यांच्या बाजूला वळू लागली.

मी तोंड फिरवले आणि खिडकीबाहेर पाहू लागलो, माझा वाट पाहणारा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून.